घाबरलेल्यांचा चीन

१८९५ च्या उन्हाळ्यात जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म यानं स्वतः एका चित्राचा कच्चा आराखडा काढला आणि हेर्मान क्नाकफुस या चित्रकाराकडून ते पूर्ण करून घेतलं. उंच कड्यावर देवदूत मायकेल तलवार घेऊन उभा आहे. त्याच्या पाठीशी युरोपातली राष्ट्रं वीरांगनांच्या रूपात सज्ज आहेत आणि वर आकाशात क्रूस तेजाळतो आहे. खाली नदी आणि शहरं पसरली आहेत. पलीकडच्या क्षितिजावर मात्र आग पेटली आहे आणि त्या धुरात ड्रॅगनवर बसलेला बुद्ध युरोपच्या दिशेनं येतो आहे. आपल्या लेण्यांमध्ये डोळे मिटून बसलेल्या बुद्धाला बर्लिनच्या राजवाड्यात संहाराचं रूप मिळालं. विल्हेल्मनं हे चित्र रशियाच्या झारला भेट दिलं, त्याच्या प्रती वाटल्या आणि ‘पीत संकट’ या कल्पनेला युरोपात एक चेहरा मिळाला.

आता त्याच वर्षी चीनची अवस्था काय होती ते पाहू. १७ एप्रिल १८९५ रोजी चीननं शिमोनोसेकीच्या तहावर सही केली होती. जपाननं चीनचं आरमार बुडवलं होतं, तैवान हातचं गेलं होतं आणि २० कोटी ताएल चांदीचा दंड मानगुटीवर बसला होता. त्याआधीची पन्नास वर्षं अफूच्या युद्धांनी आणि अंतर्गत बंडांनी पोखरून गेली होती. त्या अफूतली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती आणि मुंबईच्या कित्येक थोर देणग्यांच्या मुळाशी तिचा पैसा आहे, हे आपणही विसरू नये. चित्र रंगवून दोन वर्षं होतात न होतात तोच, १८९७ च्या नोव्हेंबरात, विल्हेल्मच्याच नौदलानं चीनचा चिआओचौ उपसागर बळकावला. पुढच्या वर्षी रशियानं पोर्ट आर्थर घेतलं, ब्रिटननं वेहायवेई आणि हाँगकाँगलगतचा मुलूख, फ्रान्सनं दक्षिणेतलं एक बंदर. म्हणजे ज्याला लुटायचं त्याचंच भय दाखवून लुटारूंनी आपल्या घरच्यांना जागं केलं होतं.

विल्हेल्मच्या डोक्यात एकटा चीन नव्हता, हे मान्य. जपाननं चीनच्या कोट्यवधी माणसांना शिस्त लावली तर काय होईल, अशी ती धास्ती होती. पण तेवढं मान्य करूनही मला या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परक्यांना वाटणारी चीनची भीती चीनच्या ताकदीबरोबर वाढत-घटत नाही. ती घाबरणाऱ्याच्या घरातल्या हवेवर वाढते. आणि तिचा घाव चीनच्या सत्तेवर क्वचितच बसतो. तो बसतो हाताशी सापडलेल्या चिनी माणसावर, बहुधा गरिबावर, ज्याच्या मागे कोणतीच सत्ता उभी नाही. आज चीन खरोखरच बलाढ्य आहे, आपल्या सीमेवर उभा आहे, आणि म्हणूनच हा इतिहास आपल्यासाठी निकडीचा आहे.

या कहाणीचा सगळ्यात स्वच्छ नमुना युरोपीय साम्राज्यांच्या आरंभीच सापडतो. १६०३ च्या मे महिन्यात तीन चिनी अधिकारी मनिलात उतरले. काविते इथं सोन्याचा डोंगर आहे म्हणतात, तो पाहायला आलो, असं त्यांनी सांगितलं. मनिलातल्या स्पॅनिश लोकांची संख्या तेव्हा तुटपुंजी होती. शहर चालवणारे सुतार, लोहार, शिंपी, नानवाई, कोळी, दुकानदार सगळे चिनी, आणि ते हजारोंनी तटाबाहेरच्या परियान वस्तीत राहत. हे अधिकारी टेहळणीसाठी आले आहेत, मागून आरमार येणार आणि परियानमधले लोक आतून दरवाजे उघडणार, अशी कुजबुज सुरू झाली. तटबंदी दुरुस्त होऊ लागली, धमक्या ऐकू येऊ लागल्या. आपल्याला आधीच कापून काढतील या धास्तीनं ऑक्टोबरात चिन्यांतल्या काहींनी उठाव केला. त्यानंतरच्या कत्तलीत सुमारे २० हजार चिनी मारले गेले.

चिनी आरमार आलंच नाही. मिंग दरबाराकडून पुढे पत्र आलं, त्याचा आशय असा होता की मेलेले लोक देश सोडून गेलेले, हलक्या पेशाचे होते, त्यांच्यासाठी सम्राट युद्ध करणार नाहीत. ज्या सत्तेचे हस्तक म्हणून ही माणसं मारली गेली, त्या सत्तेनं त्यांना आपलं मानलंसुद्धा नव्हतं. इकडे मनिलात काय झालं ते तिथल्याच एका स्पॅनिश अधिकाऱ्यानं, अंतोनियो दे मोर्गा यानं, लिहून ठेवलं आहे: कारागीरच उरले नाहीत, त्यामुळे खायला अन्न मिळेना आणि पायात घालायला जोडे मिळेनात. थोड्याच वर्षांत मनिलानं चिन्यांना पुन्हा बोलावलं. १७४० साली बटाव्हियात डच लोकांच्या अमलाखाली हेच घडलं आणि तिथं सुमारे १० हजार माणसं गेली.

अमेरिकेत ही भीती कायद्याच्या पुस्तकात शिरली. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे बोगदे खोदणारे बहुतेक मजूर चिनी होते. बर्फाच्या कड्यांखाली गाडले गेले तेही तेच. १८६९ मध्ये रेल्वे पुरी झाली, १८७३ मध्ये मंदी आली आणि कॅलिफोर्नियातल्या बेकार गोऱ्या कामगारांना सांगण्यात आलं की तुमची भाकरी चिन्यांनी हिसकावली. सांगणाऱ्यांत पुढे होता डेनिस कर्नी, जो स्वतः आयर्लंडहून आलेला परदेशी होता. १८८० च्या जनगणनेत सगळ्या अमेरिकेत चिनी किती होते? सुमारे १ लाख ५ हजार, पाच कोटींच्या लोकसंख्येत. एवढ्या माणसांपासून राष्ट्र वाचवायला १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. तीन वर्षांनी वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथं गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्ती जाळली आणि २८ चिनी खाणकामगार ठार केले. त्याबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. कायदा उठला १९४३ मध्ये, चीन जपानविरुद्धच्या युद्धात अमेरिकेचा साथीदार झाला तेव्हा, आणि उठला तोसुद्धा वर्षाला १०५ माणसांचा कोटा ठेवून. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडनं याच धर्तीवर आपापले कर आणि बंद्या घातल्या.

मजुरी पाडली जात होती, ही गोऱ्या कामगारांची तक्रार खोटी नव्हती. पण मजुरी पाडणारे रेल्वेचे आणि खाणींचे मालक होते. १८६७ च्या जूनमध्ये याच चिनी मजुरांनी गोऱ्यांइतक्या पगारासाठी संप केला, तेव्हा कंपनीनं त्यांचं अन्न तोडून तो मोडून काढला. दोन्हीकडच्या कामगारांचा झगडा एकच होता आणि तो एक होऊ नये यात ज्यांचं हित होतं, त्यांना चीनचं भूत फार उपयोगी पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपली म्हण या साऱ्या कायद्यांवर शिक्क्यासारखी मारता येईल.

१९०० सालची एक घटना मात्र थांबून पाहायला हवी, कारण भीती माणसाचं काय करते ते तिच्यात उघडं दिसतं. अमूर नदीचा डावा किनारा रशियानं १८५८ च्या तहानं चीनकडून काढून घेतला होता. त्या काठावर ब्लागोवेश्चेन्स्क हे रशियन शहर वसलं. शहरात काही हजार चिनी होते. घरकामाला, दुकानात, बांधकामावर, भाजीच्या मळ्यात तेच. त्या उन्हाळ्यात चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव पेटला आणि जुलैत पलीकडच्या काठावरून शहरावर गोळाबारी सुरू झाली. ती फारशी परिणामकारक नव्हती, पण शहर हादरलं. शहरातले चिनी रात्री उठून आपले गळे कापतील, असं लोक एकमेकांना सांगू लागले. पोलिसांनी घराघरांतून चिन्यांना गोळा केलं. कित्येक जण वर्षानुवर्षांच्या मालकाच्या घरातून, काम करता करता उचलले गेले. त्यांना नदीच्या वरच्या अंगाला एका कोसॅक वस्तीपर्यंत चालवत नेलं. जे मागे पडले ते वाटेतच मारले गेले. काठावर पोचल्यावर हुकूम झाला, पलीकडे जा. नाव एकही नव्हती. नदी रुंद, पाण्याला ओढ. जे उतरायला कचरले त्यांना कुऱ्हाडी, संगिनी आणि बंदुका दाखवून ढकललं. बायका, म्हातारे, मुलं, सगळे. मोजके पोहून पार गेले, बाकीचे हजारो बुडाले. नंतर चौकशी झाली, पण जबाबदारांना नावापुरत्या शिक्षा झाल्या.

नदीपलीकडे तोफा होत्या, हे खरं. भीतीला आधार होता. पण जो स्वयंपाकी पाण्यात ढकलला गेला, त्याचा त्या तोफांशी काय संबंध होता?

त्याच वर्षी बॉक्सर उठाव मोडायला आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगवर चालून गेल्या. त्यात हिंदुस्थानी पलटणी मोठ्या संख्येनं होत्या. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंह या शिपायानं परतल्यावर हिंदीत ‘चीन में तेरह मास’ हे पुस्तक लिहिलं. उद्ध्वस्त गावं, लुटलेली घरं, मेलेली माणसं पाहून या शिपायाला जेत्याचा आनंद झाला नाही. त्याला चिनी माणसाचं दुःख आपल्या शेजाऱ्याचं वाटलं. साम्राज्यानं ज्याला बंदूक देऊन पाठवलं होतं, त्याला जे दिसलं ते विल्हेल्मला दिसलं नाही, कारण गदाधर सिंह चीनमध्ये चालत गेला होता आणि विल्हेल्म चित्रापुढे उभा होता.

कल्पनेतला चीन पुढे छापखान्यांनी घराघरांत पोचवला. सॅक्स रोमरनं १९१३ च्या सुमारास फू मांचू हा कारस्थानी चिनी डॉक्टर उभा केला आणि पुढची पन्नास वर्षं तो कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून फिरला. त्याहून अस्वस्थ करणारी आहे जॅक लंडनची १९१० मधली एक कथा. तिच्यात १९७६ साली चीनची लोकसंख्या सीमा ओलांडून पसरू लागते, मग पाश्चात्त्य राष्ट्रं विमानांतून काचेच्या नळ्यांत भरलेले रोगजंतू टाकतात, सीमा बंद करतात आणि अख्खा देश मरू देतात. नंतर रिकाम्या भूमीवर गोरे लोक वस्ती करतात. लंडन समाजवादी होता, मजुरांचा कैवारी होता. त्याला हा शेवट लिहिता आला, यावरून ही भीती किती खोल रुजली होती ते कळावं. कथा छापून आली त्यानंतर दोन वर्षांच्या आत चीनची राजसत्ताच कोसळली.

भारतीय वाचकानं हा इतिहास त्रयस्थपणे वाचू नये. चिन्यांसाठी बांधलेलं कुंपण हळूहळू आपल्यालाही आत घेत गेलं. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम इथं लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या शिखांना जमावानं मारून हाकलून दिलं. १९१४ मध्ये हिंदुस्थानी प्रवाशांचं कोमागाटा मारू जहाज कॅनडाच्या किनाऱ्यावरून परत पाठवलं गेलं. १९१७ च्या अमेरिकन कायद्यानं आशियाचा मोठा पट्टाच बंद केला आणि त्यात हिंदुस्थान होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात त्या किनाऱ्यावर शिकत होते आणि ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीच्या उभारणीत होते. त्या चळवळीला माणसं मिळाली ती याच अपमानातून. गोऱ्या मजुराच्या सभेत चिन्याविरुद्ध जे बोललं जाई तेच शब्द फेटेवाल्या हिंदुस्थान्यालाही लागू होत होते.

शीतयुद्धात भीतीचा रंग बदलला, पण चाल तीच राहिली. १९४९ मध्ये माओ जिंकला आणि ‘चीन आपण गमावला कुणामुळे?’ असा प्रश्न अमेरिकेत घुमू लागला, जणू चीन त्यांच्या मालकीचा होता. परराष्ट्र खात्यातले जॉन सर्व्हिस, जॉन पॅटन डेव्हिस यांच्यासारखे अधिकारी चीनमध्ये जन्मलेले, तिथली भाषा जाणणारे होते. च्यांग कै-शेकचं सरकार पोकळ आहे आणि कम्युनिस्ट जिंकतील, असं त्यांनी वेळेवर कळवलं होतं. खरं सांगितलं म्हणून त्यांच्यावर फितुरीचा संशय आला आणि नोकऱ्या गेल्या. ज्या देशाची सर्वांत जास्त भीती वाटत होती, नेमक्या त्याच देशाचे जाणकार वॉशिंग्टननं हाकलून दिले. त्याचं मोल व्हिएतनाममध्ये द्यावं लागलं. १९६७ मध्ये परराष्ट्रमंत्री डीन रस्क पत्रकारांना बजावत होते की येत्या दहा-वीस वर्षांत अण्वस्त्रधारी शंभर कोटी चिनी असतील. व्हिएतनाममधलं युद्ध म्हणजे त्या चीनला रोखणं, असा हिशेब होता. हजार वर्षं चीनच्या अमलाखाली राहून त्याच्याशी झगडत राहिलेला व्हिएतनाम चीनचं बाहुलं होईल का, हे विचारणारं माणूस खोलीत उरलं नव्हतं. अमेरिकी फौजा गेल्यावर सहा वर्षांच्या आत, १९७९ च्या फेब्रुवारीत, चीन आणि व्हिएतनाम एकमेकांशी युद्ध करत होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी म्हातारपणी हे लिहून कबूल केलं की चीनचे जाणकार आधीच काढून टाकले गेले होते. तोवर लाखो माणसं मेली होती.

आणि च्येन शुएसेन? कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या क्षेपणास्त्र संशोधनात अग्रभागी. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याचा आळ आला, पाच वर्षं नजरकैदेसारखी गेली आणि १९५५ मध्ये त्यांची चीनला रवानगी झाली. तिथं त्यांनी क्षेपणास्त्रांचा आणि अंतराळाचा कार्यक्रम उभा केला. १९७० मध्ये चीनचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. अमेरिकेनं ज्याला घाबरून हाकललं, त्यानं घाबरण्याजोगं काहीतरी खरोखरच निर्माण केलं.

आता आपल्याकडे येऊ. १९६२ ची भारताची भीती विल्हेल्मच्या भीतीसारखी नव्हती. चिनी फौजा नेफात उतरल्या होत्या, तेजपूर रिकामं झालं होतं, बँकेच्या नोटा जाळल्या जात होत्या. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं म्हणत महाराष्ट्रानं यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला पाठवलं तेव्हा संकट खरं होतं. पण त्याच नोव्हेंबरात आसाममधल्या माकुम, दार्जिलिंग, कलकत्ता अशा ठिकाणांहून सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या माणसांना पोलिसांनी उचललं आणि राजस्थानातल्या देओलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. ब्रिटिशांनी ज्या छावणीत जयप्रकाश नारायण यांना डांबलं होतं, तीच ही जागा. माकुमच्या चिन्यांचे पूर्वज ब्रिटिशांनी चहाच्या मळ्यांसाठी आणले होते. त्यांच्या घरांत आसामी बायका होत्या, मुलं आसामी आणि हिंदी बोलत होती. आसाम ते राजस्थान रेल्वेचा प्रवास आठवडाभराचा. आजोबा चिनी होते, एवढ्यावर शाळकरी पोरं शत्रू ठरली. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी केली, पण छावणी चालूच राहिली. शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले. बऱ्याच जणांना जहाजांतून चीनला धाडण्यात आलं, जो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. परत आलेल्यांपैकी अनेकांची घरं-दुकानं गेलेली होती. या माणसांपैकी कुणी हेरगिरी केली, असं कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही. कारण त्यांच्यावर खटलेच चालवले नव्हते.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १९६२ चा पराभव का झाला याची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. सरकारनं तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. चहाच्या मळ्यातल्या सुताराला पकडायला काही तास लागले. आपलं सैन्य अपुऱ्या कपड्यांत आणि अपुऱ्या दारूगोळ्यानिशी बर्फात का पाठवलं, याचं उत्तर देशाला साठ वर्षांत मिळालं नाही. भीती अशी सोयीची असते. तिनं बाहेरचा शत्रू रोखला जात नाही, घरातले प्रश्न मात्र रोखले जातात.

म्हणून मग चीनला भिऊ नये का? सावध असायलाच हवं. गलवानमध्ये जून २०२० च्या एका रात्री आपले २० जवान गेले. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातली आपली तूट १०० अब्ज डॉलरच्या घरात पोचली. औषधांचा कच्चा माल, सौर पॅनेल, मोबाइलचे सुटे भाग तिकडून येतात. २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा त्याची झळ पुण्या-चाकणच्या वाहन उद्योगापर्यंत पोचली. शिनच्यांगमधल्या उइगुरांचे हाल, हाँगकाँगची मुस्कटदाबी, तैवानभोवतीची विमानं हे काही कुणी रंगवलेलं चित्र नाही. चीनच्या सत्तेला आज जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला माहिती लागते आणि चीनची माहिती असणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. महाराष्ट्राच्या मनात चीन म्हणजे सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि १९६२. मध्ये आणि पुढे काहीच नाही. शांतिनिकेतनात तान युन-शान यांनी १९३७ मध्ये चीना भवन उभं केलं, तेव्हा देश गुलाम होता आणि गरीब होता. स्वतंत्र भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळेत शिकता येतील अशा परकीय भाषांची उदाहरणं दिली, त्यात कोरियन आहे, थाई आहे, पोर्तुगीज आहे. आधीच्या मसुद्यात असलेली चिनी भाषा अंतिम धोरणातून गळाली. शेजारच्या सैन्याशी तासन्‌तास वाटाघाटी करणाऱ्या देशानं त्याची भाषा यादीतून काढावी, हे मला समजत नाही. जॉन सर्व्हिसला काढून टाकणाऱ्या वॉशिंग्टनची ही वाट आहे, आणि ती कुठं गेली ते आपण पाहिलं.

हंबनटोटाचं बंदर चीननं कर्जाच्या सापळ्यात गिळलं, हे वाक्य आपल्या वाहिन्यांवर रोज ऐकू येतं. श्रीलंकेच्या बाहेरच्या कर्जात सगळ्यात मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचा होता, हे तिथं कुणी सांगत नाही. ९९ वर्षांचा भाडेकरार चीनला लाभाचा झाला हे खरं, पण श्रीलंका का बुडाली हे समजून घ्यायचं तर कोलंबोतल्या राज्यकर्त्यांचे निर्णय तपासावे लागतात. ते आपल्यालाही उपयोगाचं आहे, कारण कर्ज आपणही काढतो.

आणि माणसांचं काय? कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत मुंबई, पुणे, दिल्लीत शिकणाऱ्या मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या, काहींना घरं सोडायला सांगितलं गेलं. १९८२ मध्ये डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या अमेरिकन तरुणाला मोटारधंद्यातल्या दोघांनी जपानी गाड्यांच्या रागातून मारलं, त्यांना एक दिवसही तुरुंगात राहावं लागलं नाही. चेहरा पाहून देश ठरवणारी ही नजर डेट्रॉइटची असो की आपल्या गल्लीतली, ती तितकीच क्रूर आहे.

काही देशांनी या इतिहासाशी हिशेब केला आहे. चिन्यांवर लादलेल्या डोईपट्टीबद्दल न्यूझीलंडनं २००२ मध्ये माफी मागितली, कॅनडानं २००६ मध्ये माफीसोबत भरपाई दिली. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी २०११ आणि २०१२ मध्ये खेद व्यक्त करणारे ठराव केले. देओलीत बालपण घालवलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत. त्यांतली बरीच टोरंटोत राहतात, हिंदी बोलतात, आणि भारत सरकारकडे त्यांनी पत्र पाठवून मागितलंय ते एवढंच, की जे झालं ते चुकीचं होतं असं एकदा म्हणा. संसदेला त्यासाठी एक दिवसही लागणार नाही. त्या माणसांपैकी काही हयात आहेत तोवर हे व्हायला हवं.